चंचीतलं मीठ

किसन, परवा तुझी तेरवी झाली. लोक तुझ्याविषयी जे बोलले ते तू ऐकायला हवं होतंस. तुला फार आवडलं असतं. एकजण म्हणाला, असा मर्द माणूस या भागात पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणाला, मिठाच्या चळवळीत लाठी खाल्लेला आपल्या गावचा हा एकच. मी मान खाली घालून बसलो होतो. मास्तरांना दुःख आवरत नाही, असं त्यांना वाटलं असावं. मी हसू आवरत होतो. आणि त्या हसण्याचीही मला किळस येत होती.

लाठीची गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण तुझं सगळं आयुष्य तू तिच्यावरच उभं केलंस. त्या दिवशी आपण दोघं बरोबर होतो. पूर्णेकाठच्या त्या सरकारने बंद केलेल्या खाऱ्या विहिरीतून लोकांनी पाणी काढलं, कढईत आटवलं, आणि तळाला राखेच्या रंगाचं ओलं मीठ धरलं. तू मूठभर घेऊन धोतराच्या सोग्याला बांधलंस. एवढ्यात कुणीतरी पोलीस आले म्हणून ओरडलं. तू पळालास. तुझ्यामागे मी पळालो, म्हणून मला सगळं दिसलं. बाभळीच्या तोडलेल्या खोडाला अडखळून तू डाव्या खांद्यावर पडलास. पोलीस तेव्हा विहिरीपाशीच होते. तिथे जे चौघे पळाले नाहीत त्यांनी मार खाल्ला. ते चौघे कधी त्याविषयी बोलले नाहीत. तू सतरा वर्षं बोलत राहिलास.

आणि मी गप्प राहिलो. पहिल्यांदा तू चावडीवर ती गोष्ट सांगितलीस तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणालास, "इचार ना मास्तरले, थो होता तिथं." मी मान हलवली. एवढी एक मान हलवली आणि पुढे सतरा वर्षं मला ती हलवत राहावी लागली.

ते सोग्यातलं मीठ दोन महिन्यांत संपलं. त्यानंतर तुझ्या चंचीच्या चौथ्या कप्प्यात वाण्याकडचंच मीठ असायचं. एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात तंबाखू, तिसऱ्यात चुन्याची डबी आणि चौथ्यात तुझा देश. गोदा वहिनींनी लग्नाच्या पहिल्या वर्षी शिवलेली ती तांबडी चंची. कुठल्याही पंगतीत बसलास की पानावर अन्न पडायच्या आधी तू ती उलगडायचास, चिमूटभर मीठ काढायचास आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचास, "हे सरकारचं मीठ नाही बे. हे माह्या रगताचं मीठ आहे." मिठावरचा कर उठला त्या दिवशी तू पेढे वाटलेस, जणू तो कर तुझ्या खांद्याला भिऊन गेला.

तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, पाय सुजायला लागले, तेव्हा वहिनींनीच माझ्याकडे निरोप धाडला. मी तुला नांदुऱ्याहून मोटारीत घालून खामगावला नेलं. वहिनी बरोबर होत्या. डॉक्टरांनी तुझ्या दंडाला पट्टा बांधून हवा भरली. पारा वर चढत गेला, तसा तू खूश होत गेलास. "पाह्य बे मास्तर, कसा चढून राह्यला!" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस तुमचा कोण, असं त्यांच्या नजरेत होतं. मला त्या क्षणी आपण तुझे कुणीच नसावं असं वाटलं.

डॉक्टर मात्र शांतपणे समजावत होते. मूत्रपिंड म्हणजे नुसती चाळणी नव्हे, ते म्हणाले. शरीरात रक्ताचा पुरवठा कमी पडतो आहे असं त्याला वाटलं, की ते स्वतःचा एक रस रक्तात सोडतं. त्यातून पुढे असं द्रव्य तयार होतं की नसा आवळल्या जातात आणि दाब वर जातो. मीठ पाण्याला धरून ठेवतं. धडधाकट माणसाने मीठ जास्त खाल्लं, तर आता भरपूर आहे हे मूत्रपिंडाला कळत असावं. मग ते आपला रस आवरतं आणि जादा मीठ बाहेर टाकतं. "यांच्या मूत्रपिंडाला ते कळेनासं झालंय, असं मला वाटतं. पुस्तकं अजून याबाबत आपसात भांडताहेत, म्हणून छातीठोक सांगत नाही. पण मीठ तोडलं की काहींचा दाब उतरतो, हे मी पाहिलंय. यांचं मीठ आजपासून बंद."

"म्हंजे माह्या गुर्द्याले अक्कल नाही म्हणता?" तू विचारलंस.

"आपण गुर्द्याविषयी बोलतोय," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याविषयी मी अजून काही बोललो नाही."

मी त्यांच्याकडून एक इंग्रजी मासिक मागून आणलं. कोश शेजारी ठेवून आठ दिवस वाचलं. जेवढं समजलं तेवढं शाळेच्या कागदावर मराठीत उतरवून काढलं, चांगल्या अक्षरात, तुझ्यासाठी. उदाहरणही घातलं. मोटेवर दोन माणसं असतात. एक बैल हाकतो, दुसरा वाफ्यापाशी पाणी देतो. वाफा भरला की दुसरा ओरडतो, "पुरे!" तुझं मूत्रपिंड म्हणजे वाफ्याकडे पाठ करून बसलेला माणूस. शेत तुडुंब भरलंय, तरी तो "आण, आण" म्हणून ओरडतोच आहे.

तू ते ऐकलंस आणि म्हणालास, "खाऱ्या पाण्याच्या गावात मोट कुठं पाह्यली बे तू? तुह्यं शिक्षण वायाच गेलं." दुसऱ्या दिवशी त्या कागदात तू तंबाखू बांधलीस.

माझ्या त्या कागदाचं चीज झालं ते दाराआड. मी वाचत होतो तेव्हा गोदा वहिनी आत उभ्या होत्या. त्यांना अक्षर येत नाही. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊजी, आपल्या हिरीचं पानी बी तं खारंच आहे नं? मंग निरं मीठ तोडून काय होईन?"

डॉक्टरांना ते सुचलं नव्हतं. मला सुचलं नव्हतं. ज्या पाण्यातून आपण दोघांनी मीठ निघताना डोळ्यांनी पाहिलं, तेच पाणी तू रोज पितोस, हे तुझ्या बायकोने ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पहाट फुटता फुटता वडनेरच्या वाटेवरच्या गोड्या विहिरीवर जायला लागल्या. जायला दीड कोस, यायला दीड कोस, डोक्यावर दोन घागरी. त्या पाण्यात तुझं वरण शिजायचं, तुझी भाकर मळली जायची. आणि त्या स्वतः तुझ्याच भांड्यातलं अळणी खायच्या. तुझ्या थोरल्या भावजयीने हसून विचारलं, "तुले काय झालं वं? तुले काऊन अळणी?" तर म्हणाल्या, "थे एकटे कसे खातीन?" चौदा महिने, किसन. चौदा महिने त्या बाईने जिभेला मीठ लावलं नाही.

आणि तू काय केलंस? दुपारच्या सुट्टीत तू माझ्या शाळेच्या ओसरीवर यायचास. मी वर्तमानपत्र वाचायचो, तू ऐकायचास. कांदा फोडायचास आणि चंची उलगडायचास.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "किसन, हे काय?"

"मीठ."

"ते दिसतंय मला."

"मंग काऊन इचारतं? बायकोच्या हातचं नाही खाऊन राह्यलो. तिनं वाढलं नाही, म्या मांगतलं नाही. तिले देल्लेलं वचन मोडलं का?"

"वहिनींना कळलं तर?"

"तिले कोन सांगते? तू?" आणि तू मोठ्याने हसलास. कारण तुला माहीत होतं. मला ओळखायला तू कधी चुकला नाहीस. तुझ्या सगळ्या ज्ञानात तेवढं एक ज्ञान पक्कं होतं.

पारा उतरत नव्हता. चौथ्या की पाचव्या खेपेला डॉक्टर चिडले. तुझ्यावर नाही, वहिनींवर. "बाई, खरं सांगा. दया येऊन तुम्ही यांच्या जेवणात चोरून मीठ घालता का?" वहिनींनी पदर ओढून घेतला आणि मान हलवून नाही म्हणाल्या. "नाही कसं? माझं यंत्र खोटं बोलतं का?" तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतास. मी माझ्या वहाणांकडे पाहत होतो. तुझ्या कमरेला चंची होती. आपण दोघं, एक लाठी खाल्लेला मर्द आणि एक शिकलेला माणूस, तिथे हजर होतो. घरी आल्यावर वहिनींनी मिठाचं गाडगं उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. न जाणो, चुकून हात लागत असेल, म्हणाल्या. त्यांना स्वतःच्या हाताचा संशय आला होता.

तू तेवढ्यावर थांबला असतास तरी मी तुला नुसता भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पण तुला चावडीवर हशा लागायचा. "इंग्रजाले जमलं नाही थे माह्या बायकोनं केलं. माह्यं मीठ बंद केलं!" लोक हसायचे. मग हळूहळू हसणं कमी झालं आणि कुजबुज वाढली. किसनभाऊ वाळून राह्यला. बाई अळणी खाऊ घालून मारून राह्यली त्याले. तुला हे ऐकू येत होतं. तुला त्यात आपली कीव केलेली दिसायची, आणि ती तुला गोड लागायची.

शेवटचं आपलं भांडण ओसरीवरच झालं. मी म्हणालो, "असंच चाललं तर तू मरशील." तू म्हणालास, "मरीन तं मर्दासारखा." मी म्हणालो, "चोरून कांद्याला मीठ लावून मरण्यात मर्दपणा कसला? हे एकदा मला समजावून सांग." तुझा चेहरा पडला. इतक्या वर्षांत मी तुला पहिल्यांदा असं बोललो होतो. तू चंची गुंडाळलीस, उठलास आणि पायरीवरून म्हणालास, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. तू काय सांगणार होतास ते मला कधीच कळणार नाही. फार मोलाचं काही असेल असं मला वाटत नाही.

मी आलो तेव्हा वहिनी गोडं पाणी आणायला गेल्या होत्या. तू डाव्या हाताने कमरेशी चाचपडत होतास आणि माझ्याकडे पाहत होतास. डोळ्यांत पाणी होतं. मी चंची काढून घेतली आणि कोटाच्या खिशात घातली. तू डोळे मिटलेस. तुझा इशारा मी असा वाचला, की ही लपव. दुसरा अर्थ, की ही तिला दाखव, मला तेव्हा सुचलाही नाही. तुझ्याकडून दुसरा काही अर्थ निघेल, अशी जागाच तू कधी ठेवली नव्हतीस. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

दहाव्याला पूर्णेच्या काठावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. तुझे थोरले भाऊ, म्हादूभाऊ, पुढे झाले. मला त्यांच्याविषयी फार काही लिहायचं नाही. तुझ्यासारखंच मोठ्याने बोलतात, फक्त सांगायला लाठी नाही. पिंडावर त्यांनी मिठाचा खडा ठेवला आणि हात जोडून ओरडले, "किसना, तुले अळणी मारलं रे! घे, मीठ खाय, भाऊ!" तेवढ्यात उन्हाने कंटाळलेले लोक तंबाखू मळायला चिंचेखाली सरकले, जागा मोकळी झाली, आणि अर्थातच कावळा उतरला. साऱ्या गावाने श्वास सोडला. "पाह्यलं? मिठातच जीव अडकला होता." एका कावळ्याने साक्ष दिली आणि खटला संपला. गाव इतक्या स्वस्तात न्याय करतं हे मला माहीत होतं. पण त्या गर्दीत मीही होतो, आणि माझ्या खिशात चंची होती.

घरी आल्यावर म्हादूभाऊंनी ठरवून टाकलं. तेरवी झाली की गोदाला धामणगाव बढ्याला तिच्या भावाकडे धाडायचं. भावाचा जीव घेणारी बाई या घरात नको. वहिनींना मूलबाळ नाही. त्यांना वाटत असावं, की कुठेतरी खरंच आपलं चुकलं असेल. माहेरच्या गावात त्यांच्याआधी ही गोष्ट पोचली असती, आणि मरेपर्यंत त्यांनी भावजयीच्या चुलीपुढे ती ऐकली असती.

तेरवीच्या दिवशी अंगणात पंगत बसली. बाहेर वहिनींना न्यायला बैलांची रेंगी जुंपून उभी होती. तुझ्या नावाचं पान वेगळं मांडलं होतं. म्हादूभाऊंनी मिठाचं भांडं मागवलं आणि त्या पानावर मुठीने मीठ ओतलं. "खाय, किसना. आता तुले कोनी अडवत नाही." काही बायांनी डोळ्यांना पदर लावला.

मी उठलो. पंगतीत कधी न उठलेला माणूस उठला की लोकांना वाटतं, त्याला उलटी होते आहे. मी तुझ्या पानापाशी गेलो, खिशातून चंची काढली आणि चौथा कप्पा उघडून त्या ढिगाशेजारी उपडा केला. थोडंसंच पडलं. तंबाखूची धूळ मिसळून काळपट झालेलं.

"हे त्याचं मीठ," मी म्हणालो. "चौदा महिने रोज माझ्या ओसरीवर बसून खात होता. वहिनींपासून लपवून. अळणी खाऊन कुणी मेलं नाही. हा मीठ खाऊन मेला."

म्हादूभाऊ म्हणाले, "मास्तर, बसा. शोक झाला तुम्हाले."

"शोक झालाय. पण हे खरं आहे. आणि त्याने लाठीही खाल्ली नव्हती. पळताना पडला. मी मागेच होतो."

ही शेवटची गोष्ट सांगायची काही गरज नव्हती, किसन. ती मी तुझ्यासाठी सांगितली. सतरा वर्षांची तुझी मजुरी मी एका वाक्यात बुडवली, आणि मला वाईट वाटलं नाही.

कुणी जेवेना. मग आतल्या दारातून गोदा वहिनी बाहेर आल्या. तेराव्या दिवशी विधवेने पंगतीत यायचं नसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी ती चंची उचलली. स्वतःच्या हातचे टाके ओळखले. चौथ्या कप्प्यात बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. चौदा महिन्यांनी.

"तुम्हाले मालूम होतं, भाऊजी?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"दवाखान्यात थे डाक्टर मले बोलले, तवा?"

"तेव्हाही."

त्यांनी मान हलवली. मग दाराकडे वळून गाडीवानाला म्हणाल्या, "बैल सोड. मी कुठं जात नाही." म्हादूभाऊंनी तोंड उघडलं. पण पंगतीतले लोक त्यांच्याकडे नाही, तुझ्या पानाकडे पाहत होते. त्यांनी तोंड मिटलं. बैल सुटले.

किसन, लोक मला म्हणतात, तुमचा एवढा जिवाभावाचा मित्र, त्याच्याविषयी दोन चांगले शब्द लिहा. एक लिहितो. माझं वाचन या गावात कुणी ऐकून घेत नसे. तू ऐकायचास. एकही दिवस चुकला नाहीस, आणि मध्येच उठून गेला नाहीस. काही कळत नव्हतं तुला, तरी बसून राहायचास. आता दुपारी मी वर्तमानपत्र उघडतो आणि मनातल्या मनात वाचतो. ओसरीवरची तुझी कांद्याची सालं मी अजून झाडलेली नाहीत. एवढं तुझं देणं मी मान्य करतो. याहून जास्त नाही.

त्या पंगतीत मी परत माझ्या पानावर येऊन बसलो होतो. बाकीच्यांना म्हादूभाऊंच्या चुलीवरचं वरण वाढलं गेलं. वहिनी आत गेल्या आणि एक लहान पितळी भांडं घेऊन आल्या. ते भांडं मी ओळखलं. गोड्या पाण्याचं वरण. सवयीने त्या दिवशीही त्यांनी ते शिजवलं होतं. माझ्यासमोर वाकून त्यांनी ते सगळं माझ्या भातावर ओतलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

सारी पंगत उठली तरी मी जेवत होतो. पानावर डावीकडे मिठाची जागा रिकामी होती. मी मीठ मागितलं नाही.